उंटरफ्रांकनमधल्या एका छोट्या खेड्याचा इतिहास ठाण्यात बसून कसा लिहावा?

घोडबंदर_वाचक

नमस्कार मंडळी. ठाण्यातल्या आमच्या वाचनालयाच्या हस्तलिखित दिवाळी अंकात 'परदेशातलं एक गाव' असं सदर आहे. माझ्या वाट्याला जर्मनीतलं खेडं आलंय. बव्हेरिया राज्य, उंटरफ्रांकन विभाग, व्युर्त्सबुर्ग आणि श्वाइनफुर्ट या दोन शहरांच्या मधोमध, वस्ती साधारण ४००. धाकटी बहीण तिथे राहते, म्हणून गावाचं नाव इथे देत नाही.

हाताशी काय आहे ते सांगते. विकिपीडियावर चार ओळी: आठव्या शतकात पहिला उल्लेख, १९७८ मध्ये शेजारच्या मोठ्या गावात विलीन, कॅथलिक चर्च, लोकसंख्या. बहिणीने फोटो पाठवलेत: टोकदार मनोऱ्याचं चर्च, शेताच्या बांधावरचा कोरीव दगडी खांब, युद्धस्मारक, अग्निशमन दलाची गॅरेजएवढी इमारत. शिवाय गावच्या वर्धापनदिनाची एक जुनी स्मरणिका मिळाली आहे.

पंधरा पानं लिहायची आहेत. इथून, ऑनलाइन, कुठपर्यंत पोचता येतं? स्मरणिकेत 'घर क्र. ३७' असे उल्लेख आहेत, पण आजच्या पत्त्यांशी काहीच जुळत नाही, ते का? जुन्या नकाशात शेतांच्या इतक्या चिंचोळ्या पट्ट्या का दिसतात? आणि नुसत्या सनावळीत न अडकता गावाचा स्वभाव कसा पकडायचा? जर्मन बी१ (मधल्या पातळी) पर्यंत झालंय, छापील मजकूर वाचता येतो.

नौपाडा_जुनेकागद

ताई, सुरुवात त्या 'पहिल्या उल्लेखा'पासूनच करा, कारण निम्मे लेख तिथेच घसरतात. आठव्या शतकात गाव 'स्थापन झालं' असं लिहू नका. त्या वर्षी कुणीतरी तिथली जमीन मठाला दान दिली आणि ती नोंद टिकली, एवढाच त्याचा अर्थ. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात खणताना सापडलेला शिलाहार अरिकेसरीचा ताम्रपट शके ९३९चा, म्हणजे इ.स. १०१७चा आहे. त्यात ज्या गावांची नावं आली ती काही त्या साली वसली नव्हती. तसंच हे.

तुमच्या भागात हे दान बहुतेक वेळा फुल्डाच्या मठाला दिलेलं असतं. तसं असेल तर आणखी जपा. फुल्डाच्या अनेक दानपत्रांची मूळ प्रत आज नाही. बाराव्या शतकाच्या मध्यावर एबरहार्ड नावाच्या भिक्षूने केलेली नक्कल तेवढी आहे, आणि हा गृहस्थ मठाच्या फायद्यासाठी मजकुरात फेरफार करण्याबद्दल इतिहासकारांत प्रसिद्ध आहे. स्मरणिकेत सन दिला असेल तर तो कोणत्या दानपत्रावरून घेतला, मूळ की नक्कल, हे शोधा. सापडलं नाही तर 'उपलब्ध नोंदींनुसार' एवढे शब्द घालून पुढे जा.

दुसरा प्रश्न: गावाचा मालक कोण होता? जवळजवळ सगळं यावर ठरतं. व्युर्त्सबुर्गच्या राजा-बिशपचं गाव, एखाद्या मठाचं गाव, की थेट सम्राटाला मानणाऱ्या सरदार घराण्याचं गाव? काही गावांत तर दोन-तीन मालक एकत्र असत, अर्धी घरं एकाची, अर्धी दुसऱ्याची. १५५५च्या आउग्सबुर्गच्या तहानंतर मालकाचा पंथ तोच रयतेचा पंथ. म्हणून उंटरफ्रांकनमध्ये आजही एक गाव कॅथलिक आणि दोन किलोमीटरवरचं प्रोटेस्टंट असं दिसतं. तुमच्या चर्चचा टोकदार मनोरा हा चांगला धागा आहे. युलिउस एख्टर हा १५७३ ते १६१७ या काळात व्युर्त्सबुर्गचा राजा-बिशप होता. त्याने प्रोटेस्टंट झालेली गावं सक्तीने कॅथलिक पंथात परत आणली आणि शेकडो चर्चं बांधली किंवा दुरुस्त केली. त्या चर्चांच्या भाल्यासारख्या मनोऱ्यांना तिकडे त्याच्याच नावाने ओळखतात. पण मनोरा टोकदार म्हणून तो एख्टरचाच, असं धरू नका. दारावर किंवा मनोऱ्याच्या भिंतीत त्याची कोनशिला असते, त्यावर त्याचं चिन्ह आणि साल असतं. बहिणीला तिचा फोटो काढायला सांगा.

पुढची सत्तांतरं अशी: १८०३ मध्ये राजा-बिशपचं राज्य बरखास्त होऊन प्रदेश बव्हेरियाकडे, १८०६ ते १८१४ व्युर्त्सबुर्गची वेगळी ग्रँड डची, १८१४ पासून पुन्हा बव्हेरिया. सरदार घराण्याचं गाव असेल तर तपशील बदलेल.

आता चर्चच्या नोंदवह्या. १६ मार्च १९४५च्या हवाई हल्ल्यात व्युर्त्सबुर्ग जळालं आणि शहरातल्या दफ्तरखान्यांतली बरीच कागदपत्रं गेली. नोंदवह्या मात्र बहुतेक गावोगावच्या चर्चमध्ये होत्या, म्हणून वाचल्या. कॅथलिक वह्यांसाठी 'मात्रीकुला' हे संकेतस्थळ मोफत आहे, प्रोटेस्टंट वह्यांसाठी 'आर्खिऑन'ला पैसे पडतात. गाव सापडलं नाही तर लगेच हात टेकू नका. छोट्या गावाला स्वतःचा धर्मगुरू नसे. ते मोठ्या गावाच्या चर्चचं उपकेंद्र असे आणि त्याच्या नोंदी त्या मोठ्या गावाच्या वहीत असतात. तिथे शोधा.

वही मिळाली की नावांच्या मागे लागण्याआधी एक कंटाळवाणं काम करा. वर्षवार तीन रकाने मांडा: बाप्तिस्मे, लग्नं, दफनं. नावं न वाचता नुसत्या नोंदी मोजा. ज्या वर्षी दफनं तिप्पट-चौपट झाली तिथे साथ, दुष्काळ किंवा सैन्य आलेलं असणार. तीस वर्षांच्या युद्धात (१६१८-१६४८) स्वीडिश फौजांनी ऑक्टोबर १६३१ मध्ये व्युर्त्सबुर्ग घेतलं आणि पुढच्या काही वर्षांत या पट्ट्याची दैना झाली. युद्धाआधीची आडनावं आणि १६५० नंतरची आडनावं शेजारी-शेजारी लिहिली की किती कुटुंबं उरली आणि किती नवीन आली ते दिसतं. वहीच १६४८ नंतर सुरू होत असेल तर तीही माहितीच आहे, बहुधा आधीची युद्धात गेली.

आणि तारखा! व्युर्त्सबुर्गच्या कॅथलिक मुलखाने ग्रेगोरियन कालगणना १५८३ मध्ये स्वीकारली, जर्मन प्रोटेस्टंटांनी १७०० मध्ये. मधली ११७ वर्षं शेजारच्या दोन गावांत दहा दिवसांचा फरक आहे. नवरी एका पंथाच्या गावातली आणि नवरा दुसऱ्या गावातला असेल तर एकाच घटनेच्या दोन तारखा मिळतील, आणि दोन्ही बरोबर असतील.

खारघर_नकाशे

घरक्रमांक आणि चिंचोळ्या पट्ट्या, दोन्हींची उत्तरं नकाशात आहेत. बव्हेरिया सरकारचं 'बायर्नआटलास' उघडा, मोफत आहे. ऐतिहासिक नकाशांत 'उरआउफनामं' नावाचा थर आहे, १८०८ ते १८६४ या काळातली पहिली जमीन मोजणी. कारण अर्थात शेतसारा. प्रमाण बहुतेक ठिकाणी १:५०००, दाट वस्तीत १:२५००. हे नकाशे झोल्नहोफनच्या चुनखडीच्या शिळांवर उलटे कोरून छापले. अशा २६ हजारांहून जास्त शिळा म्युनिकच्या मोजणी खात्यात अजून रचून ठेवलेल्या आहेत. जुना थर आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून त्याची पारदर्शकता कमी-जास्त करा, गाव कुठे वाढलं ते पाच मिनिटांत कळतं.

घरांशेजारी बारीक आकडे दिसतील. तेच तुमचे 'क्र. ३७'. तेव्हा गल्ल्यांना अधिकृत नावं नव्हती, सगळ्या गावाला मिळून एकच सलग क्रमांक. मागाहून बांधलेल्या घराला पुढचा मोकळा आकडा मिळायचा, त्यामुळे ३७च्या शेजारी ८२ असू शकतं. मग आली १९७०च्या दशकातली पुनर्रचना. बव्हेरियात १ जुलै १९७२ ला जिल्हे १४३ वरून ७१ झाले आणि १ मे १९७८ पर्यंत सुमारे ७,००० ग्रामपालिकांच्या साधारण २,०५० उरल्या. चार-पाच गावं एका पालिकेत आली आणि प्रत्येकात एक 'मुख्य रस्ता', एक 'चर्च गल्ली'! टपालाचा गोंधळ टाळायला रस्त्यांना नवी नावं आणि घरांना नवे क्रमांक दिले. म्हणून काम असं करा: स्मरणिकेतला जुना क्रमांक उरआउफनामंवर शोधा, त्याच जागी आजच्या थरावर कोणतं घर आहे ते बघा, आणि तीन रकान्यांचा तक्ता करा: जुना क्रमांक, आजचा पत्ता, घराचं नाव. तिसरा रकाना विसरू नका. तिथे घराला जे नाव पडलेलं असतं ते मालकाचं आडनाव बदललं तरी टिकतं. गावातले वयस्कर लोक अजून घराच्या नावानेच बोलतात. बहिणीने शेजारच्या आजींना विचारलं तर दोन तासांत अर्धा तक्ता भरेल. एक धोका: आग लागून किंवा पाडून नव्याने बांधलेलं घर जुन्या जागेपासून काही मीटर सरकलेलं असतं. घराच्या भिंतीपेक्षा प्लॉटची हद्द जुळते का ते पाहा.

आता पट्ट्या. या भागात बऱ्याच ठिकाणी वारसाहक्क 'रेआलटायलुंग' पद्धतीचा: सगळ्या मुला-मुलींना समान वाटा. जर्मनीच्या उत्तर-पश्चिमेला आणि जुन्या बव्हेरियात उलट, अख्खं शेत एकाच वारसाला. उंटरफ्रांकनमध्येही काही सुपीक पट्ट्यांत शेत अखंड ठेवत, म्हणून आपल्या गावापुरतं नकाशावरून ठरवा. हिशेब करून बघा. १२ टागवेर्क जमीन, चार मुलं, पुन्हा प्रत्येकाला चार: दोन पिढ्यांत प्रत्येकाकडे पाऊण टागवेर्क. बव्हेरियन टागवेर्क म्हणजे ३,४०७ चौरस मीटर, आपल्या मापात पावणेचौतीस गुंठ्यांना किंचित कमी. म्हणजे वाट्याला पंचवीस गुंठे, तेही एका जागी नाहीत. माती सगळ्यांना सारखी मिळावी म्हणून प्रत्येक शेताचेच तुकडे, आणि ते लांबीत, कारण नांगर वळवायला जागा लागते. मग उरते काही मीटर रुंद आणि शंभर-दोनशे मीटर लांब फीत.

या फितींना स्वतंत्र वाट नसायची. शेजाऱ्याच्या शेतातून जायचं, म्हणून सगळ्यांनी एकच पीक एकाच वेळी पेरायचं आणि एकाच वेळी काढायचं. तीन भागांची फेरपालट: एकात हिवाळी धान्य, एकात उन्हाळी, एक पडीक. कधी पेरायचं हे गाव ठरवायचं, शेतकरी नाही. 'जर्मन माणूस शिस्तीचा' असलं काही लिहिण्यापेक्षा हे लिहा. शिस्त कुठून आली ते इथे दिसतं.

आजच्या नकाशावर पट्ट्या दिसणार नाहीत. १९५३च्या कायद्याखाली (बव्हेरियात त्याआधीचा कायदा १८८६चा) शेतं एकत्र करून, सरळ रस्ते आखून नव्याने वाटली गेली. त्यात बांध, झुडपं, कधी जुने हद्दीचे दगडही गेले. डोंगरउताराच्या द्राक्षमळ्यांत हा फरक सर्वात ठसठशीत दिसतो.

आकार बघायला विसरू नका. या पट्ट्यात गाव बहुधा गोळा झालेल्या घरांचं असतं. घराची निमुळती बाजू रस्त्याकडे, शेजारी मोठं फाटक, आत अंगण, आणि मागे आडवं धान्याचं कोठार. कोठारांची ही मागची रांग जोडत गेलात की जुन्या गावाची कड मिळते. तिच्या बाहेर जे आहे ते बहुतेक विसाव्या शतकातलं.

ऐरोली_से४

गावाच्या नावाचा शेवट बघा, त्यावरून वय कळतं. 'हाइम' असेल तर फ्रँक लोकांच्या काळातलं, सहावं ते आठवं शतक. 'रोड' किंवा 'रॉयट' असेल तर नंतर जंगल तोडून वसवलेलं.

नौपाडा_जुनेकागद

@ऐरोली, अंदाज म्हणून ठीक, पुरावा म्हणून नाही. जुन्या शेवटांची नक्कल करून नंतरही गावांची नावं ठेवली गेली आहेत. लेखात एका वाक्यापुरतं वापरावं.

नेरुळ_कुरेंट

वह्या उघडल्यावर पहिला धक्का लिपीचा बसेल. बी१ असो की सी१, 'कुरेंट' हस्ताक्षर शिकल्याशिवाय एक ओळ लागत नाही. रोज अर्धा तास दिला तर तीन-चार आठवड्यांत नोंदी लागायला लागतात. काही गोष्टी आधीच सांगते.

छोटा 'ई' आणि छोटा 'एन' जवळपास सारखे दिसतात, दोन उभ्या रेघा. 'यू'वर एक छोटी कमान असते, ती बिंदू समजून 'उमलाउट' (स्वरावरचे दोन बिंदू) वाचू नका. 'एस' दोन प्रकारचा, शब्दाच्या मधला लांब 'एस' हा 'एफ' किंवा 'एच' वाटतो. म्हणून अक्षर ओळखत बसण्याऐवजी आधी त्याच पानावरचे ठरावीक शब्द शोधा: महिना, गावाचं नाव, 'शेतकरी', 'विधवा'. त्यावरून त्या लेखकाची अक्षरं काढून घ्या आणि मग नावांकडे वळा. धर्मगुरू बदलला की हस्ताक्षर बदलतं, पुन्हा पहिल्यापासून.

कॅथलिक जुन्या वह्या बहुधा लॅटिनमध्ये आहेत आणि हे खरं तर सोपं पडतं, कारण लॅटिन मजकूर आपल्या ओळखीच्या गोल अक्षरांत असतो. वाक्यंही ठरलेली: अमुक तारखेला बाप्तिस्मा, आई-वडील, बाळाला उचलून घेणारा म्हणजे धर्मपिता. बाळाला बहुतेक वेळा धर्मपित्याचंच नाव ठेवत, म्हणून एका पिढीत पाच योहान आणि चार मार्गारेटा निघतील. एकट्या नावावरून माणूस पक्का करू नका. नाव, घरक्रमांक आणि जोडीदार, तिन्ही जुळले पाहिजेत.

महिन्यांचा सापळा तर नक्की लागणार. '७बेर' म्हणजे जुलै नाही, सप्टेंबर. '८बेर' ऑक्टोबर, '९बेर' नोव्हेंबर, '१०बेर' डिसेंबर. लॅटिन अंकांवरून केलेली ही संक्षिप्त रूपं आहेत. काही ठिकाणी तारीख सणाच्या नावाने असते. मार्टिनी म्हणजे ११ नोव्हेंबर, लिश्टमेस म्हणजे २ फेब्रुवारी. गडी-मोलकरणींनी मालक बदलायचा दिवस बहुधा हा लिश्टमेसचा, हे लेखात घालण्यासारखं आहे.

१ जानेवारी १८७६ पासून सगळ्या जर्मन साम्राज्यात सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी सुरू झाली. त्या वह्या ठरावीक मुदतीनंतरच सर्वांना खुल्या होतात: जन्म ११० वर्षं, विवाह ८०, मृत्यू ३०. ग्रुंडबूख, म्हणजे जमिनीच्या मालकीची वही, याच्या फंदात पडू नका. आपल्याकडे सातबारा कुणीही ऑनलाइन बघतो, तिकडे कायदेशीर हितसंबंध दाखवल्याशिवाय ती वही उघडत नाहीत. तुम्हाला हवं ते आधीच्या सारा-वहीत मिळतं, तिची मागणी व्युर्त्सबुर्गच्या राज्य दफ्तरखान्याकडे करायची.

हस्तलिखित वाचणारं 'ट्रान्सक्रिबुस' हे सॉफ्टवेअर आहे. मदत होते, पण आडनावं आणि गावांची नावं ते सर्रास चुकवतं, आणि नेमकं तेच आपल्याला हवं असतं.

आणि तो दगडी खांब: त्याला बिल्डश्टॉक म्हणतात. उंटरफ्रांकनमध्ये हे फार. कुणी नवस फेडायला, कुणी अपघाताच्या जागी, कुणी साथीतून वाचल्याबद्दल उभारलेले. खालच्या भागात दात्याचं नाव आणि साल असतं. अक्षरं झिजलेली असतील तर भर दुपारी फोटो काढू नये. सकाळी लवकर किंवा सूर्य मावळताना, ऊन बाजूने पडत असताना काढावा, सावलीने अक्षरं उठून दिसतात. खडू किंवा तारेचा ब्रश अजिबात नको, दगड मऊ असतो. साल दिसत नसेल आणि मजकुरातली काही अक्षरं विनाकारण मोठी असतील तर ती रोमन अंक म्हणून बेरीज करा. समजा मोठी अक्षरं एम, डी, सी, सी, एल, व्ही, आय, आय अशी मिळाली, तर १००० + ५०० + २०० + ५० + ५ + २, म्हणजे १७५७. क्रम महत्त्वाचा नाही, फक्त बेरीज. 'यू' हा 'व्ही' धरतात आणि 'डब्ल्यू' बऱ्याचदा दोन 'व्ही'. पुन्हा रंगवलेल्या खांबावर रंगाऱ्याने अक्षर चुकवलेलं असू शकतं, मग बेरीज भलतीच येते.

घोडबंदर_वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार! घरांचा तक्ता सुरू केलाय, तीन घरं जुळली पण. आता स्वभावाबद्दल. आणि मुखपृष्ठावर चामडी अर्धी चड्डी आणि पिसाची टोपी घातलेला शेतकरी काढायचा विचार आहे, चालेल ना?

वाशी_स्टेशनबाहेर

ताई, ते चित्र आधी रद्द करा! ती चड्डी आल्प्सच्या पायथ्याची. फ्रांकन लोक बव्हेरियात आहेत ते दोनशे वर्षांपासून, स्वतःला बव्हेरियन म्हणवून घेत नाहीत. लाल-पांढऱ्या दातेरी पट्ट्याचा त्यांचा वेगळा झेंडा आहे. सम्राटाच्या काळातलं फ्रांकन मंडळ २ जुलै १५०० ला स्थापन झालं, त्याच्या आठवणीत २००६ पासून फ्रांकन दिन साजरा होतो. जुन्या जिल्ह्यांची अस्मिता तर अशी की १९७२ मध्ये रद्द झालेल्या जिल्ह्यांची नंबरप्लेटवरची अक्षरं चाळीस वर्षांनी परत आणली. हासबेर्गं जिल्ह्यात एबर्न, होफहाइम या जुन्या गावांची अक्षरं लोक मुद्दाम मागून घेतात. विलीनीकरणाबद्दल गावात विचारलंत तर पहिल्या दोन वाक्यांतच राग कळेल. आपली पालिका गेली, शाळा गेली, शेवटी खाणावळही बंद पडली.

तुमच्या गावापुरतं सर्वात महत्त्वाचं म्हणजे श्वाइनफुर्ट. तिथे फ्रीडरिश फिशर याने १८८३ मध्ये पोलादी गोळ्या एकसारख्या घासणारं यंत्र बनवलं आणि शहर बॉल-बेअरिंगचं केंद्र झालं. १८९५ मध्ये फिख्टेल उंड झाक्स ही कंपनी आली. आसपासच्या खेड्यांत वाटण्या होऊन शेत पोटापुरतंही उरलं नव्हतं. माणूस दिवसा कारखान्यात, संध्याकाळी आणि शनिवारी शेतात. अशा शेतकऱ्यांना तिकडे स्वतंत्र नावच आहे, 'फाइरआबेंडबाउअर'. घरामागे एक-दोन गायी, एक डुक्कर आणि खिशात पगाराचं पाकीट: १९६०च्या आसपासचं तुमचं गाव बहुधा असं होतं. दुसऱ्या महायुद्धात बेअरिंगसाठीच श्वाइनफुर्टवर बॉम्ब पडले, १७ ऑगस्ट आणि १४ ऑक्टोबर १९४३चे हल्ले त्यात मोठे. घरं गेलेली माणसं आसपासच्या खेड्यांत आली. त्यानंतर पूर्वेकडून हाकलले गेलेले जर्मन, सुडेटनलँड आणि सिलेशियाचे. एकट्या बव्हेरियात सुमारे १९ लाख. गावच्या कडेला सारख्या आकाराच्या छोट्या घरांची एक ओळ असेल तर ती कुणासाठी बांधली हे नक्की विचारा. युद्धस्मारकावरची आडनावं आणि आजच्या लेटरबॉक्सवरची आडनावं ताडून पाहिली तरी बरंच कळतं.

अग्निशमन दलाची ती गॅरेजएवढी इमारत हसण्यावारी नेऊ नका. बव्हेरियात नियम असा की निरोप मिळाल्यापासून दहा मिनिटांत मदत पोचली पाहिजे. शहरातून ते जमणार नाही, म्हणून ४०० वस्तीच्या गावातही स्वयंसेवकांचं दल असतं. सुतार, शिक्षिका, विद्यार्थी, भोंगा वाजला की हातातलं काम टाकून निघतात. आणि खरं सांगायचं तर आग वर्षातून एखादी, बाकी वेळ हे दल म्हणजे गावाचा कणा. जत्रेतली सॉसेजची शेगडी, मिरवणुकीची वाहतूक, पूर आला तर वाळूच्या गोण्या, सगळं यांच्याकडे. बँड, गायनमंडळ, क्रीडामंडळ यांचंही तसंच. जर्मन कायद्यात नोंदणीकृत मंडळाला किमान सात सभासद लागतात, त्यामुळे ४०० माणसांत आठ-दहा मंडळं आरामात होतात, तीच पंचवीस माणसं सगळीकडे. गावाच्या साप्ताहिक पत्रकात मंडळांची पानं वाचा, कोण कोणाशी बोलत नाही तेही ओळींमधून कळतं.

'झीबनर' बद्दल न लिहिता लेख संपवू नका. गावाने निवडलेली चार ते सात माणसं, आजन्म पद, शपथ घेऊन हद्दीचे दगड सांभाळणारी. दगड रोवताना त्याखाली भाजलेल्या मातीची किंवा काचेची खूण ठरावीक रचनेत पुरायची. कुणी रात्रीत दगड सरकवला तर खणून पाहिलं की चोरी उघड, कारण ती रचना या माणसांखेरीज कुणालाच माहीत नाही, सरकारी मोजणीदारालासुद्धा नाही. गुपित तोंडीच पुढच्याला द्यायचं. पद आजही आहे, मोजणीच्या वेळी ही माणसं हजर असतात आणि २०१६ मध्ये जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या यादीत ही प्रथा गेली. बहिणीला गावातल्या झीबनरशी बोलायला सांगा. फक्त खुणेबद्दल विचारायचं नाही, ते सांगणार नाहीत आणि पुढचं बोलणंही बंद होईल.

नौपाडा_जुनेकागद

वाशीकरांचं सगळं मान्य, पण एक जागा राहिली आणि ती तुमच्या स्मरणिकेतही राहिलेली असण्याची शक्यता मोठी आहे. अशा स्मरणिका १९३३ ते १९४५ हा काळ दोन वाक्यांत उरकतात: 'कठीण वर्षं होती, इतके जवान कामी आले.' तिथे थांबू नका.

उंटरफ्रांकनच्या खेड्यांत ज्यू वस्ती दाट होती, गुरांचे आणि धान्याचे व्यापारी, खाटीक, फेरीवाले. १८१३च्या बव्हेरियन फर्मानाने कोणत्या गावात किती ज्यू कुटुंबं राहू शकतील याची संख्याच बांधून दिली. मुलाला जागा मिळायची तर बापाने मरायला हवं किंवा मुलाने अमेरिकेला जायला हवं. हे बंधन १८६१ मध्ये उठलं. पुढे माणसं शहरांकडे गेली. जे उरले त्यांना नाझींनी १९४१ पासून व्युर्त्सबुर्गहून पूर्वेकडे पाठवून मारलं. तुमच्या गावात होते का, हे 'अलेमानिया युडाइका' या संकेतस्थळावर गावाच्या नावाने शोधा. दुसरी खूण: व्युर्त्सबुर्गच्या मुख्य स्टेशनासमोर २०२० पासून या पाठवलेल्या ज्यूंचं एक स्मारक आहे, दगड-लाकूड-धातूच्या ट्रंका, बोचकी, गुंडाळ्या, प्रत्येक गावाची एक. तिची जोड त्या-त्या गावात ठेवलेली असते. बहिणीच्या गावात चौकात अशी ट्रंक असेल तर उत्तर तिथेच आहे. सिनॅगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाची, इमारत आज कोठार किंवा राहतं घर असू शकते. खासगी घर असेल तर फोटो छापण्याआधी विचारा.

मतदानाचे आकडेही बघा. १९३२-३३ मध्ये साधारण कल असा की कॅथलिक गावं बायरिश फोल्क्सपार्टाय या कॅथलिक पक्षाकडे आणि प्रोटेस्टंट गावं नाझींकडे झुकली. पण गावागणिक फरक आहे, म्हणून पंथावरून निष्कर्ष काढू नका.

नेरुळ_कुरेंट

शेवटी पत्रव्यवहार. पालिकेला सरळ 'तुमच्या गावाचा इतिहास पाठवा' असं लिहिलंत तर उत्तर येणार नाही. प्रत्येक जिल्ह्यात मानद 'क्राइसहाइमाटफ्लेगर' असतो, स्थानिक वारशाचा काळजीवाहू. त्याला लिहा. विषयात गावाचं नाव आणि जुन्या जिल्ह्याचं नाव, कारण नॉयडॉर्फ, नॉयकिर्खन अशी एकाच नावाची गावं देशभर आहेत. मजकूर औपचारिक जर्मनमध्ये, 'झी' (आदरार्थी 'आपण') वापरून, तीनच प्रश्न, प्रत्येकाला क्रमांक. आपण आधी काय पाहिलं ते एका ओळीत लिहा, नाहीतर तेच दुवे परत पाठवतात. जमवलेल्या घरांचा तक्ता सोबत जोडा. त्यात एखादं घर चुकलेलं असलं तर फारच उत्तम, दुरुस्त करून पाठवण्याच्या निमित्ताने चार नव्या गोष्टी येतात.

फोन करायचा तर उन्हाळ्यात ते आपल्या साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. छोट्या पालिकांची कचेरी बऱ्याचदा सकाळीच उघडी असते, म्हणजे आपल्याकडे दुपार. ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी बऱ्याच ठिकाणी चर्चच्या वर्धापनाची जत्रा असते, त्या आठवड्यात कुणाकडूनही उत्तराची अपेक्षा ठेवू नका. तुमच्या अंकाची मुदत दिवाळीची आहे, तेव्हा पत्र सप्टेंबर संपायच्या आत गेलेलं बरं.